सहभागी क्रमांक दोन

निरीक्षणाची पहिली वही तपासून परत आली तेव्हा तिच्यात मार्क नव्हते, लाल गोल होते. एका पानावरचे मोजले, सतरा भरले. मी लिहिलं होतं, 'मुलगा अस्वस्थ होता.' 'अस्वस्थ'ला गोल. 'त्याने रागाने वही भिरकावली.' 'रागाने'ला गोल, 'भिरकावली'लाही गोल. 'लक्ष वेधून घेण्यासाठी तो ओरडला' या वाक्यात तर पहिल्या तिन्ही शब्दांना मिळून एकच वेढा घातला होता आणि समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, 'हे तुम्हाला कसं कळलं?'

मला राग आला. (हे लिहितानाही आता हात अडखळतो. राग आला म्हणजे नेमकं काय केलं? वही मिटली, पिशवीत कोंबली, घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलले नाही.) बारा वर्षं नेहमीच्या शाळेत शिकवून मी विशेष शिक्षणातल्या मास्टर्सला आले होते. वर्गात पाऊल टाकल्याबरोबर कुणाचं काय बिनसलंय ते मला कळतं, अशी माझी स्वतःबद्दल समजूत. त्यात तपासणाऱ्या मॅडम माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पुढच्या तासाला त्या एवढंच म्हणाल्या, "कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहा. कॅमेऱ्याला राग दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गात, त्याच मुलापासून चार हातांवर जाऊन बसले. या वेळी पानाचे तीन उभे रकाने केले. आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. आमच्यात याला ए-बी-सी म्हणतात. १० वाजून १४ मिनिटं: मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची फरशीवरून ओढली. मुलानं दोन्ही तळवे कानांवर दाबले. १० वाजून १६: पुन्हा खुर्ची. हात उचलताना कोपर लागून वही खाली पडली. तो ओरडला. बाई आल्या आणि त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. व्हरांड्यात तो गप्प झाला.

पहिल्या वहीत खुर्चीचा उल्लेखच नव्हता. मी तिथंच बसले होते, तो आवाज माझ्याही कानांवर पडला असणार. पण 'अस्वस्थ' हा शब्द हाताशी तयार होता ना, मग खुर्ची कशाला ऐकू येतेय!

मास्टर्सला का आलात, असं कुणी विचारलं की मी 'आवड होती' वगैरे सांगते. खरं कारण माझ्या जुन्या वर्गातली एक मुलगी. फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायची, आणि उतरवलेलं वाच म्हटलं की पहिल्या शब्दावर बोट ठेवून खाली बघत राहायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी सलग दोन सत्रं लिहिलं, 'प्रयत्न कमी पडतात.' तिचं कुठं अडतंय ते मला कळत नव्हतं आणि कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. पुढे अभ्यासक्रमात वाचलं, की 'अध्ययन अक्षमता' या अर्थाचा शब्दप्रयोग सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली शिकागोतल्या पालकांच्या परिषदेत मांडला. म्हणजे ती माझ्यासमोर बसली होती तेव्हा तो शब्द चांगला जुना झालेला होता. 'प्रयत्न कमी पडतात' हे वाक्य तसं बरोबरच होतं, फक्त ते चुकीच्या माणसाच्या पुस्तकात गेलं.

हे शिक्षण घेतोय म्हटलं की लोक हमखास म्हणतात, "केवढा पेशन्स लागत असेल!" लागतो. पण नुसता पेशन्स घेऊन बसलं तर मूलही तिथंच बसून राहतं. दोन वर्षांत जे शिकवलं जातं ते बरंचसं सुतारकामासारखं असतं, म्हणजे मापं घ्यायची, तुकडे करायचे, सांधे बघायचे. पहिल्याच महिन्यातला एक तास सांगते. हात धुण्याच्या पायऱ्या लिहायच्या होत्या. मी पाच मिनिटांत सहा पायऱ्या लिहून पेन खाली ठेवलं. मग वर्गातल्या एकीनं माझा कागद हातात घेऊन, त्यात लिहिलंय तेवढंच आणि तसंच करून दाखवायचं होतं. ती बेसिनपाशी गेली. 'नळ सोडावा.' सोडला. 'हाताला साबण लावावा.' तिनं कोरड्या हातावर साबणाची वडी ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. हात ओले करायचे मी लिहिलंच नव्हतं. वडी परत ठेवायची लिहिली नव्हती. नळ बंद करायचाही नव्हता, त्यामुळे वर्ग हसून थांबेपर्यंत पाणी वाहत होतं. दुपारपर्यंत माझ्या सहाच्या एकोणीस पायऱ्या झाल्या.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त आवडली. ती म्हणजे या पायऱ्या मुलाला शेवटाकडून शिकवतात. बुटाची नाडी घ्या. गाठ, फासा, दुसरा फासा, सगळं मोठ्या माणसानं करायचं आणि शेवटचा ओढा तेवढा मुलाच्या हातात द्यायचा. तो त्याला जमला की शेवटचे दोन, मग तीन. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल रोज पहिल्या पायरीवर अडतं आणि रोज अर्धवट सोडतं. शेवटाकडून शिकवलं तर पहिल्या दिवशीही नाडी बांधून 'झाली' ती त्याच्याच हातून. मी इतकी वर्षं गणितं पहिल्या ओळीपासून शिकवली. शेवटची ओळ मुलाच्या हाती ठेवावी हे कधी सुचलं नव्हतं.

बाकी पेपरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संख्याशास्त्रानं छळलं. चाळिशीला आल्यावर पाठांतर होत नाही हे खरं आहे.

दुसऱ्या वर्षी डेझर्टेशन. घरी सांगितलं, तीन मुलांवर आहे. "तीनच? आणि त्यावर मास्टर्स देतात?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, म्हणून जरा सांगते. आमच्या क्षेत्रात शंभर मुलांची सरासरी काढून फारसं हाती लागत नाही, कारण सरासरीसारखं मूल त्या शंभरात एकही नसतं. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच करायची. आधी काही दिवस काहीही न शिकवता नुसतं मोजायचं. ती बेसलाईन. मग शिकवायला सुरुवात करायची आणि मोजत राहायचं. तिन्ही मुलांना एकदम सुरुवात करायची नाही. पहिल्याला आज, दुसऱ्याला काही दिवसांनी, तिसऱ्याला आणखी नंतर. आलेखावर प्रत्येकाची रेघ त्याचं शिकवणं सुरू झाल्यावरच वर चढली, तर ती ऋतू बदलल्यानं किंवा मूल आपसूक मोठं झाल्यानं चढली नाही, असं म्हणता येतं.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्या मुलाची आई रोज दारात विचारायची, "आमचं कधी सुरू होणार?" आणि माझ्याकडे त्याचं उत्तर 'तुमच्या मुलाची रेघ अजून सपाट हवी आहे' हे होतं. ते मी तिला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात, म्हणाले.

सहभागी क्रमांक दोन हा सहा वर्षांचा मुलगा. ऑटिझम. बोलत नव्हता. प्रबंधात त्याचं नाव नाही आणि इथंही लिहिणार नाही. त्याला साबणाचे फुगे वेड्यासारखे आवडायचे. हवे असले की तो जवळच्या माणसाचं मनगट धरायचा आणि तो हात, एखादा चिमटा उचलून ठेवावा तसा, फुग्यांच्या बाटलीवर नेऊन ठेवायचा. माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही. बेसलाईनचे दिवस मी बाटली घेऊन समोर बसायचे, चित्राचं कार्ड मध्ये पडलेलं असायचं, आणि मी काही शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. तो झाकणावर टकटक करायचा. मी वहीत शून्य लिहायची.

शिकवायची पद्धत चित्र देऊन वस्तू मागण्याची. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये ती तयार केली. सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक मुलाच्या समोर, हातात त्याची आवडती वस्तू घेऊन. दुसरं मुलाच्या मागे. 'काय हवंय?' असं विचारायचं नाही, कारण मग मूल विचारल्याशिवाय मागायला शिकत नाही. मूल बाटलीकडे झेपावलं की मागच्यानं, अवाक्षर न बोलता, त्याचा हात कार्डाकडे वळवायचा. उचल, पुढे कर, समोरच्या तळव्यात सोड. कार्ड तळव्यात पडताक्षणी फुगे. मग मागच्याचा हात हळूहळू मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर आणि मग कुठंच नाही.

माझी मैत्रीण मागे बसायची. आठव्या दिवशी तिनं दोन्ही हात वर करून मला दाखवले, म्हणजे 'मी काही करत नाहीये.' मुलानं कार्ड उचललं. ते थोडं दुमडलं होतं, ते त्यानं टेबलावर दाबून सरळ केलं. मग माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मनगटाकडे नाही. मी फुगे सोडले तेव्हा माझ्याच फुंकरीचा नेम चुकत होता, निम्मे साबणपाणी टेबलावर.

त्यानंतर रेघ चढतच गेली. आलेख पाहून सर म्हणाले, इतका स्वच्छ आलेख फार दिवसांनी पाहिला. मी तो घरी फ्रिजवर लावला. खोटं कशाला बोलू?

अभ्यास संपल्यावर कार्ड आणि बाटली त्याच्या आईकडे दिली. चार दिवसांनी ती आली. बाटली घरी फळीवर ठेवली, म्हणाली. कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उचललं, खोलीभर नजर फिरवली, कार्ड जमिनीवर ठेवलं आणि तिचं मनगट धरून फळीकडे ओढत नेलं. रोज तेच. ती तक्रार करत नव्हती. समजूत काढल्यासारख्या सुरात म्हणाली, "मॅडम, मला वाटतं त्याला ते कार्ड तुमचं वाटतं."

तिला बाहेरपर्यंत सोडून आले आणि बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. कारण चूक कुठं आहे ते मला लगेच कळलं होतं, आणि कळण्याजोगं नवीन त्यात काहीच नव्हतं. या पद्धतीच्या दुसऱ्याच पायरीवर सांगितलेलं आहे, की माणसं बदला, अंतर वाढवा. मी रोज त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला बसले. का? आलेख स्वच्छ यावा म्हणून. माणूस बदललं की आकडे दोन दिवस खाली येतात, आणि सबमिशनची तारीख जवळ आली होती.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. स्टोक्स आणि बेअर या दोघांनी १९७७ मध्ये एक निबंध लिहिला. शिकवलेली गोष्ट शिकवण्याच्या जागेबाहेर टिकावी म्हणून संशोधक नेमकं काय करतात, हे त्यांनी तपासलं. तेव्हाच्या अभ्यासांमध्ये वारंवार दिसणारी एक रीत अशी होती, की शिकवायचं आणि पुढचं आपोआप होईल अशी आशा धरायची. त्यांनी तिला तेच नाव दिलं, 'शिकवा आणि आशा धरा'. हा निबंध मी वाचला होता. हिरव्या पेनानं अधोरेखित केला होता. त्यावर दुसऱ्या सत्रात दहा मार्कांचं उत्तर लिहून चांगले मार्कही मिळवले होते. ते उत्तर परीक्षेच्या हॉलमध्येच राहिलं. माझ्या टेबलापर्यंत आलं नाही. मुलाचं कार्ड जसं माझ्या खोलीत राहिलं तसंच.

त्या दिवसांत मी पुन्हा इतार उघडला. ज्याँ इतार, पॅरिसमधल्या मूकबधिर मुलांच्या संस्थेतला तरुण डॉक्टर. १८०० साली फ्रान्समधल्या अव्हेरॉनच्या जंगलात एकटा वाढलेला एक मुलगा सापडला, त्याला शिकवायचं काम इतारनं अंगावर घेतलं. मुलाचं नाव पुढे व्हिक्टर ठेवलं. विशेष शिक्षणाच्या इतिहासाचा पहिला धडा बहुधा इथूनच सुरू होतो, आणि पहिल्या वाचनात मी तो परीक्षेपुरता वाचला होता. आता वाचताना वेगळंच दिसायला लागलं. इतारनं व्हिक्टरला एक पुस्तक दाखवून 'पुस्तक' हा शब्द शिकवला. मग पुस्तक आण म्हटलं की व्हिक्टर तेच एक पुस्तक आणायचा. ते नसलं तर हात हलवत परत. समोर दुसरी पुस्तकं पडली आहेत, पण ती त्याच्या लेखी पुस्तकं नव्हेत! म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तोच घोटाळा. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

पण इतारनं लिहिलेल्या अहवालांत आणखी एक प्रसंग आहे, १८०१च्या अहवालातला. फ्रेंचमध्ये दुधाला 'ले' म्हणतात, अक्षरं चार. इतारची मोठी इच्छा होती की व्हिक्टरनं दूध मागावं. व्हिक्टर 'ले' म्हणायला शिकला खरा, पण दूध समोर आल्यावर. मागायला नाही, मिळाल्याच्या आनंदात. इतार निराश झाला. मग त्यानं सुट्या अक्षरांचे तुकडे घेऊन तो शब्द मांडायला शिकवला. त्यानंतर आठवड्याभरात व्हिक्टर नेहमीसारखा फिरायला बाहेर पडला, तेव्हा निघताना त्यानं आपण होऊन ते चार तुकडे खिशात टाकले. रोज जिथं दूध मिळायचं त्या घरी पोचल्यावर ते काढून टेबलावर मांडले. दूध.

कुणी सांगितलं नव्हतं. खिशात टाकणं ही पायरी इतारच्या यादीत नव्हती.

इतारला मात्र व्हिक्टर बोलायलाच हवा होता. भोवती सगळी संस्था खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांची, आणि हा मुलगा तोंडाच्या आवाजावर अडवून धरलेला. पुढे १८८०मध्ये मिलानच्या परिषदेत तर बधिर मुलांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करावी असा ठरावच झाला. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. इतिहासाच्या तासाला ही दोन सालं एकमेकांसमोर लिहून मॅडम काही न बोलता फळा तसाच ठेवून गेल्या होत्या. शिकवणाऱ्याला काय ऐकायचंय, त्यावर मुलानं काय म्हणायचं ते ठरतं. मलाही तळव्यावर पडलेलं कार्ड हवं होतं, कारण ते मोजता येत होतं.

व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जनरलायझेशनबद्दल, म्हणजे शिकवलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांपाशीही टिकतं का याबद्दल, विचारलं, मी मर्यादांच्या प्रकरणाकडे बोट दाखवलं. तिथं मी लिहिलं होतं, 'सामान्यीकरणाची तपासणी मर्यादित राहिली.' या वाक्यात कर्ता नाही, बघा. जणू तपासणी आपली आपणच मर्यादित राहिली. कुणीही लाल गोल केला नाही. पदवी मिळाली.

त्यानंतर सहा शनिवार मी त्या मुलाच्या घरी गेले. प्रबंधासाठी नाही, त्यामुळे वहीही नेली नाही. आता समोरच्या खुर्चीवर त्याचे वडील, आणि मुलाच्या मागे मी. वडिलांच्या तोंडून सवयीनं "काय हवंय रे?" निघायचं आणि मी मागून मान हलवायची. पहिल्या दिवशी मुलानं कार्ड उचललं आणि वळून मलाच द्यायला आला. मी हात मागे बांधले. तो माझ्या कोपरात कार्ड खुपसत राहिला. तिसऱ्या शनिवारी कार्ड वडिलांच्या हातात पडलं. चौथ्या शनिवारी वडील दुसऱ्या खोलीत जाऊन बसले आणि तो त्यांना शोधत गेला.

आजींपुढे मात्र मी हात टेकले. नातवानं फळीकडे बघितलं की त्या उठून बाटली काढायच्या. "मला कळतं ना त्याला काय हवंय," म्हणायच्या. ते खरं होतं, आणि तीच अडचण होती. मागितल्याशिवाय मिळतंय म्हटल्यावर मागेल कोण? मी दोन-तीनदा समजावलं. त्यांनी दरवेळी ऐकून घेतलं आणि बाटली काढून दिली. अजूनही देतात म्हणे.

सहाव्या शनिवारी बैठकीच्या खोलीतला पंखा बंद पडला होता. दुरुस्तीला आलेला माणूस स्टुलावर उभा राहून वायर सोडवत होता, मुलाची आई दिव्याचं बटण धरून उभी, मी दारात. मुलगा आतून आला. त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं, मग स्टुलाकडे गेला आणि त्या माणसाची पँट ओढली. माणूस खाली वाकला. मुलानं कार्ड त्याच्या हातात दिलं.

माणसानं कार्ड उलटसुलट केलं, चित्र निरखलं, "छान काढलंय," म्हणाला आणि खिशात ठेवून पुन्हा वायरीकडे वळला.

मुलगा तळवा उघडा ठेवून उभाच. थोड्या वेळानं त्यानं टाचा उंचावल्या आणि त्या माणसाच्या खिशावर बोटानं टकटक केली. आई पुढे सरकली तेव्हा मी तिचा हात धरला आणि थांबवलं.